बांधावर उघडलेली यादी

परत आल्यापासून ऑफिसात जो तो एकच विचारतो, "मग, चाललं का ते मशीन?" या प्रश्नाचं उत्तर जिन्यात उभं राहून देता येत नाही, म्हणून लिहून काढते. बीड जिल्ह्याचं नाव ज्यांनी फक्त एसटीच्या पाटीवर वाचलंय त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय, कारण गेल्या महिन्यापर्यंत मीही त्यांच्यातलीच होते.

मी पुण्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत नोंदणी विभाग सांभाळते. आमच्यासाठी शेतकरी संकरित कपाशीचं बियाणं पिकवतात. अशा शेताला आम्ही प्लॉट म्हणतो. प्लॉटमध्ये मादीच्या पुष्कळ ओळी आणि नराच्या थोड्या ओळी असतात. नराचं फूल मादीच्या फुलाला हाताने लावायचं, म्हणजे संकर. शेजारी ठरलेल्या अंतराच्या आत दुसऱ्या कुणाची कपाशी असता कामा नये, नाहीतर मधमाशा परका पराग आणून टाकतात. अंतर कमी भरलं की प्लॉट रद्द. रद्द प्लॉटातल्या नराच्या ओळी आमची माणसं मुळासकट उपटून नेतात, कारण ते वाण कंपनीचं असतं, बाहेर जाऊ द्यायचं नसतं. नर गेला की प्लॉटात राबणाऱ्या बाईमाणसांची हंगामभराची मेहनत साधा कापूस होऊन बाजारात जाते.

पूर्वी गावोगाव फिरणारे आमचे तपासनीस कागदावर नोंदी करत, कागद एसटीच्या पार्सलने येत, आणि आम्ही त्या टाइप करेपर्यंत फुलं गळून बोंडं धरलेली असत. यंदा, दोन हजार साली, कंपनीने दोन लॅपटॉप घेतले आणि त्यांवर कचेऱ्यांसाठीच निघालेली नवी ऑपरेटिंग सिस्टीम घातली. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत त्याचा सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्रॅम. एक लॅपटॉप माझ्याकडे, दुसरा बीड जिल्ह्याचे तपासनीस शेषेराव यांच्याकडे. आषाढात ते पुण्याला येऊन शिकून गेले होते, आणि गणपतीच्या आधी नोंदी जुळवायला मशीन घेऊन पुन्हा आले होते. आता मी त्यांच्याबरोबर फिरायचं, मशीन रानात कसं चालतं ते पाहायचं, आणि जाता जाता रद्द प्लॉटांच्या यादीवर शेवटची नजर टाकायची. ती यादी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला पुण्याहून गेवराईच्या डेपोला फॅक्सने जाणार होती. चौथ्या दिवशी सकाळी उपटणारी माणसं निघणार होती.

पहिला दिवस: केज

केजच्या स्टँडवर उतरले तेव्हा शेषेराव मोटारसायकलला टेकून उभे होते. चाळिशीच्या अलीकडचा उंच माणूस, शर्टाच्या खिशात तीन पेन. लॅपटॉप त्यांनी टॉवेलात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी चढवून, पाठीला उपरण्याने बांधला होता.

"असा कसा बांधलाय हो?" मी म्हणाले.

"म्याडम, लेकरू अन् मशीन सारखंच. गचके बसू द्यायचे न्हाईत."

नमस्कार झाल्याबरोबर त्यांनी विचारलं, "एकोणीस नंबर कावून रद्द केला?"

मी माझी यादी उघडून पाहिली. प्लॉट एकोणीस, उमापूर, सुभद्राबाई. अंतर अपुरं. शेरा: रद्द.

"अंतर भरत नाही, शेषेराव. तुमच्याच पहिल्या तपासणीत आहे."

"पहिल्या. दुसऱ्या टायमाला मी गेलतो की! शेजाऱ्यानं कपाशी उपटून दिली, मी सोता टेप धरून मोजलं, अन् ह्या मशीनमधी लिवलं."

"मग यादीत दिसलं असतं."

"तेच म्हणतो. कावून दिसंना?"

"ऑफिसची यादी हीच खरी यादी," मी म्हणाले. बावीस वर्षं मी हे वाक्य म्हणत आले आहे. शेषेरावांनी चहा सांगितला.

केजमधल्या चहाबद्दल एक शब्द. पुण्यात पाहुण्याला चहा विचारतात. इथे विचारत नाहीत, कप समोर येतो. तहसील कचेरीसमोरच्या टपरीवर एका तासात माझ्यासमोर चार कप आले. त्यातले दोन मी कधीच न पाहिलेल्या माणसांनी सांगितले होते, केवळ मी लांबून आले म्हणून.

दोन प्लॉट पाहायला आम्ही शेअर जीपने गेलो, आणि मशीनने मला पहिल्यांदा खूश केलं ते त्या जीपमध्ये. नऊ माणसांच्या जागेत सतरा. मांडीवर लॅपटॉप उघडून मी तपासणीचा फॉर्म भरत होते, तेवढ्यात जीप थांबली आणि एका आजीबाईंनी वांग्यांची पाटी सरळ माझ्या गुडघ्यावर ठेवली. मी झाकण फटकन मिटलं. पुण्याच्या जुन्या मशीनवर असं केलं असतं तर अर्धा तास गेला असता. बंद करा, सुरू करा, फाइल शोधा, ओळ शोधा. इथे अर्ध्या तासाने बांधावर उतरून झाकण उघडलं, तर अर्धवट शब्दापाशी कर्सर लुकलुकत उभा! मी अक्षरशः ओरडले.

"काय झालं बाई? चावलं का?" आजीबाईंनी जीपमधून विचारलं.

दुसरी गंमत म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातली बॅटरी. किती मिनिटं उरली ते सांगते, आणि भिंतीच्या विजेवरून बॅटरीवर आलं की पडदा आपणहून थोडा मंद होतो. आणि तिसरी, सर्वांत मोठी. ऑफिसच्या कॉम्प्युटरमधल्या फाइलींची एक प्रत मशीन आपल्या पोटात घेऊन फिरतं. फोन नाही, तार नाही, चहूबाजूंनी तूर आणि कपाशी, आणि मी प्लॉट चौतीसची पेरणीपासूनची सगळी नोंद बांधावर बसून वाचतेय! त्या प्लॉटचे मालक मागे उभे राहून पाहत होते. त्यांना बियाणं कुठल्या पिशवीतलं दिलं होतं तो नंबर मी वाचून दाखवला. ते घरात गेले, रिकामी पिशवी शोधून आणली, नंबर ताडून पाहिला आणि म्हणाले, "लई पक्कं हाय."

पुण्यात बसून आम्ही या लोकांना पत्रं पाठवत होतो: आपल्या पिशवीचा क्रमांक कळवावा.

दुसरा दिवस: धारूर

केजहून धारूरकडे जाताना जमीन हळूहळू डोंगर होते. बालाघाटाची धार, खडकातून वर आलेली सीताफळाची झाडं, आणि वळण घेतलं की समोर किल्ला. किल्ला माझ्या यादीत होता, अर्धा तास. अर्धा तासच पाहिला. तटावरून खाली शेतं दिसतात, आणि त्यांत कपाशी कुठली, तूर कुठली ते मला पहिल्यांदाच रंगावरून ओळखता आलं, त्याचा आनंद किल्ल्याहून जास्त झाला.

पितृपंधरवडा सुरू होता. शेषेरावांच्या मावशीचं घर धारूरला, आणि त्यांच्याकडे त्या दिवशी पितर होतं. आमच्याकडे पुण्यात पितरांना घरचे आणि एखादे गुरुजी, बस्स. अनोळखी माणसाला त्या दिवशी बोलावणं मी ऐकलं नव्हतं. इथे मला दारातून हात धरून आत नेलं. भरड्याचे वडे, कढी, गवारीची भाजी, तांदळाची खीर. मी म्हणाले, "मावशी, मी तर कुणाचीच कुणी नाही."

"जेवायला कुणी असावं लागतं का बाई?" मावशी म्हणाल्या. "पितरं तरी वळखू येतेत का समदी? वडा घ्या."

वडे मी पाच खाल्ले. यादीत नव्हते.

दुपारी बाजारातल्या एसटीडी बूथवर गेलो. आता पुण्याच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला फोन लावायचा आणि दिवसभराच्या नोंदी जुळवून घ्यायच्या. इथेही नवी सिस्टीम माझ्यासारख्या माणसासाठीच केल्यासारखी निघाली. तिच्यात ठिकाणांची यादी करता येते. केज, धारूर, उमापूर, प्रत्येकाचा कोड वेगळा, कुठे फोन कटकट करत नंबर फिरवतो, कुठे टूं-टूं करत. एकदा लिहून ठेवलं की गावाचं नाव निवडायचं, बाकी मशीन पाहतं. मी ती यादी निघण्याआधीच करून ठेवली होती. शेषेरावांच्या तोंडावर पहिल्यांदा कौतुक दिसलं.

फोन लागला, मोडेम किंचाळलं, जुळवणी सुरू झाली. आणि पडद्यावर एक चौकट आली. आम्ही बदललेल्या एका फाइलीत पुण्यातही कुणीतरी काहीतरी बदललं होतं. मशीन विचारत होतं: तुमची प्रत ठेवू, की ऑफिसची ठेवू?

शेषेराव वाकून पाहत होते. "ही पाटी मी कधी बघितलीच न्हाई. पुण्यात माझ्या मशीनवर तर आलीच न्हाई."

"आली होती की. तुम्ही चहाला गेला होतात, तेव्हा मी..."

तो दिवस मला आठवला.

गणपतीच्या आधी शेषेरावांचा लॅपटॉप ऑफिसच्या तारेला मीच जोडला होता. हीच चौकट आली होती. आमच्या टायपिस्टने त्याच दिवशी त्यांचा पहिल्या तपासणीचा जुना कागद ऑफिसच्या फाइलीत चढवला होता, आणि शेषेरावांनी दुसरी तपासणी आपल्या मशीनमध्ये लिहून आणली होती. दोन प्रती, दोन वेगळ्या गोष्टी. मी क्षणभरही विचार न करता 'ऑफिसची' वर बोट दाबलं होतं. सुभद्राबाईंच्या शेजाऱ्याने उपटलेली कपाशी त्या एका बोटाखाली पुन्हा उभी राहिली.

"शेषेराव," मी म्हणाले, "तुमची नोंद मी पुसली."

ते पडद्यापासून सरळ झाले. मग म्हणाले, "कागद तरी ठेवला असता मी. पर तुमीच म्हणला, आता कागद बंद."

हेही खरं होतं. ती सूचना माझ्या सहीची होती.

त्याच बूथवरून मी आमच्या मॅनेजरांना, कुलकर्णी साहेबांना, फोन लावला. एकोणीस नंबर रद्दच्या यादीतून काढा, असं मी म्हणाले.

"तोंडी नाही काढता येत, मॅडम," ते म्हणाले. "मालक आणि शेजारी समोर असताना मोजलेलं अंतर, तारखेसह, फॉर्ममध्ये हवं. तुमचाच नियम आहे."

"माहीत आहे माझा आहे."

"मग उद्या पाचच्या आत पाठवा. पाचला यादी जाणार, ती थांबवता येणार नाही. गेवराईची माणसं पहाटे निघतात."

फोन ठेवला आणि पुन्हा ती चौकट पाहिली. खाली एक तिसरी ओळ होती: दोन्ही प्रती वेगवेगळ्या नावांनी ठेवा. ती पुण्यातल्या त्या दिवशीही तिथेच होती. मी वाचली नव्हती.

तिसरा दिवस: उमापूर

धारूरहून उमापूर म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. पहाटेची एसटी, बीड, गेवराई, पुढे पुन्हा जीप. प्रवासाचं वर्णन करत नाही. मी सगळा वेळ घड्याळ पाहत होते, आणि शेषेराव मी घड्याळ पाहते ते पाहत होते. "म्याडम, घड्याळ झिजंल," एवढंच ते म्हणाले. तेव्हा मला बरं वाटलं.

सुभद्राबाई पन्नाशीच्या, काटक, नाकात मोठी नथणी. आम्ही पोचलो तेव्हा त्या आणि त्यांची जाऊ ओळीत उभ्या राहून कळ्या सोलत होत्या. उद्या उमलणाऱ्या मादीच्या कळीतला परागाचा भाग नखाने काढून टाकायचा, आणि खूण म्हणून तिला लाल कागदाची टोपी घालायची. सगळ्या प्लॉटभर लाल टिपके. पुण्यात मी 'संकर पूर्ण, टक्के' असा रकाना टाइप करून घेते. एक टक्का म्हणजे किती नखं ते मला माहीत नव्हतं.

त्यांना काय सांगायचं ते मी एसटीत तीनदा ठरवलं होतं. तीनही वेळा वेगळं. शेवटी सरळ सांगितलं: तुमचा प्लॉट रद्दच्या यादीत आहे, चूक माझी आहे, आज पाचच्या आत दुरुस्त करून पाठवायचं आहे.

बाईंचे हात थांबले नाहीत. "न्हाई पाठवलं तर?"

"उद्या नर उपटायला माणसं येतील."

"येऊ द्या की. मी हाय इथंच." मग शेषेरावांकडे वळून, "शेषा, तू तर म्हणलास मशीनमधी एकदा लिवलं की ब्रह्मदेवाला पुसता येत न्हाई."

"ब्रह्मदेवानं न्हाई पुसलं, मावशी," शेषेराव म्हणाले.

मी हसले नाही. जाऊबाई मात्र मोठ्याने हसल्या.

शेजाऱ्याला, बाबुरावांना, बोलावणं धाडलं. ते आले तेच तावातावाने. "माझी उभी पऱ्हाटी उपटली मी! सहा तासं!" पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तास म्हणजे ओळ. "फुकट न्हाई उपटली. सावड झालती आमची. ह्यांच्या चार बायांनी माझा मूग तोडून दिला, मी माझी सहा तासं काढली. आता तुमचं म्हणणं, तिथं कपाशी उभीच हाय? या, दाखवा मला. कुठं हाय उभी?"

सावड म्हणजे पैसे न देता एकमेकांच्या शेतात काम फेडायचं. आमच्या फॉर्ममध्ये 'शेजाऱ्याची संमती' असा एक रकाना आहे, तिथे सही लागते. बाबुरावांनी संमती मुगाच्या शेंगांवर दिली होती आणि ती गावात सगळ्यांना माहीत होती. मी त्यांना दोनदा सांगितलं की तुमचं बरोबर आहे, चुकलंय ते यादीत. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ते म्हणाले, "मग टेप धरू का मी?"

एक टोक बाबुरावांच्या पहिल्या उभ्या ओळीशी, दुसरं सुभद्राबाईंच्या शेवटच्या ओळीशी. मधे उपटलेल्या सहा ओळींची रिकामी पट्टी, तिच्यात आता मेथी उगवलेली. अंतर भरलं. नुसतं भरलं नाही, वर चार पावलं शिल्लक राहिली. आम्ही तीन ठिकाणी मोजलं आणि मी बांधावर बसून लॅपटॉप उघडला.

बॅटरी: अकरा मिनिटं.

सकाळपासून भारनियमन होतं, गेवराईतही चार्ज करता आलं नव्हतं. मी भरभर टाइप करायला घेतलं. पहिलं माप, दुसरं माप. तिसऱ्या मापाच्या मधोमध पडद्यावर काहीतरी झरझर सरकलं, आतून खरखर आली, आणि सगळं काळं झालं.

"गेलं?" सुभद्राबाईंनी विचारलं. आता त्यांचे हात थांबले होते.

जपून ठेवण्याचं बटण मी दाबलं नव्हतं. बावीस वर्षांत न केलेली चूक. शेषेरावांनी मात्र आपल्या टॉवेलातलं मशीन काढून पाहिलं. त्याचीही बॅटरी संपलेली. दोन्ही मशीन पाठीला बांधून त्यांनी मोटारसायकलला, म्हणजे बाबुरावांच्या मोटारसायकलला, किक मारली. "म्याडम, बसा मागं. आप्पांच्या दुकानात चारला लाईट येती."

आप्पा म्हणजे गावातले सत्तरीचे किराणा दुकानदार. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. दुकानात साखरेची पोती, खत, वह्या, आणि काचेच्या बूथमध्ये एसटीडीचा फोन. चार वाजले. लाईट आली नाही. आप्पांनी शेंगा भाजून दिल्या. सव्वाचार. बाबुराव आणि सुभद्राबाई चालत येऊन पोचले.

"कवा येती हो आप्पा?"

"आली की येती."

चार वाजून वीस मिनिटांनी पंखा फिरला. मी वायर लावली आणि बटण दाबलं. पडदा उजळला. आणि फॉर्म उघडाच होता. पहिलं माप, दुसरं माप, आणि तिसऱ्या मापाचा अर्धा आकडा, जिथे बोट थांबलं होतं तिथे. बॅटरी संपत आली हे ओळखून मशीनने जाता जाता सगळं आपल्या पोटात लिहून घेतलं होतं आणि मगच झोपलं होतं. ती खरखर तीच होती. पुस्तिकेत हे वाचलं होतं मी, खूणही केली होती. पण वाचणं वेगळं. त्या दुकानात मी दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभी राहिले. आप्पा म्हणाले, "शाणं हाय. आमच्या पोरांपेक्षा शाणं हाय."

उरलेला आकडा भरला. ठिकाण: उमापूर. फोन लावला. मोडेम किंचाळलं.

"माझा फोन रडतोय की!" आप्पा उठून उभे राहिले. "काही होत न्हाई ना त्याला?"

"काही होत नाही, आप्पा. बोलतंय ते."

जुळवणी अर्ध्यावर आली आणि तुटली. पुन्हा लावला. पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा मला स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला, "हॅलो? हॅलो? कोन हाय?" मग उलगडा झाला. या फोनची एक जोड आप्पांच्या घरात, माडीवर होती, आणि त्यांच्या सूनबाई माहेरी फोन लावायला सारख्या रिसीव्हर उचलत होत्या. आप्पा या वयात जिन्याच्या पायऱ्या दोन दोन करून चढले. वरून आवाज आला, "ठिव! पाच मिन्टं ठिव! खाली पुण्याशी बोलायलेत!" मग बराच वेळ ते खाली आलेच नाहीत. राखण करत बसले होते.

चार वाजून बेचाळीस. एवढ्या सगळ्या फाइलींतून मशीनने फक्त बदललेली तेवढीच फाइल पाठवायला काढली, नाहीतर त्या तारेवरून रात्र झाली असती. चौकट आली. दोन्ही प्रती ठेवल्या. पट्टी पुढे सरकली, थांबली, सरकली, भरली.

लगेच कुलकर्णी साहेबांना फोन लावला. "फाइल पाठवली आहे. दोन प्रती आहेत, दुसरी पाहा."

"पाहतो. पहिल्या नोंदीत रद्द का होतं? शेषेरावांनी उशिरा कळवलं का?"

बूथच्या काचेबाहेर तीन माणसं उभी होती, आणि दार लागत नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "त्यांनी वेळेवर लिहिलं होतं. मी न वाचता पुसलं. यापुढे ती चौकट आली की आधी रानातल्या माणसाला विचारायचं, मगच बोट लावायचं. हे लेखी देते."

"बरं. यादी छापायला गेलीय, बघतो थांबते का..." आणि फोन कट झाला. लाईटही गेली. पाचला तीन मिनिटं होती. नंतर लाइन लागलीच नाही.

चौथा दिवस: प्लॉट एकोणीस

मुक्काम सुभद्राबाईंकडे केला. भाजलेल्या धान्यांच्या मसालेदार पिठाची, म्हणजे येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी, त्यावर शेंगदाण्याची चटणी. कुणी यादीचा विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही.

सकाळी ऊन चढायला लागलं की नराची फुलं उमलतात. तेव्हापासून साधारण अकरापर्यंत पराग चालतो, मग त्याचा जोर जातो. सुभद्राबाईंनी नेहमीसारखी नराची फुलं टोपलीत तोडून घेतली, काल टोपी घातलेल्या फुलावरून लाल कागद काढला, आतल्या दांडीवर नर हळूच फिरवला. एक. पुढचं.

"उपटणार असतील तर हे कशाला?" बाबुराव बांधावरून म्हणाले. काल त्यांनी टेप धरला होता, त्यामुळे आता प्लॉट त्यांचाही झाला होता.

"येईस्तोवर तर चालू दे," सुभद्राबाई म्हणाल्या.

साडेनऊला धूळ दिसली. डेपोचा टेम्पो. मागे सहा माणसं, हातात विळे आणि पोती. टेम्पो बांधाशी थांबला. पुढे बसलेल्या मुकादमाने फॅक्सचा गुळगुळीत कागद उलगडला. शेषेराव ओळी ओलांडून, कपाशी चुकवत त्याच्याकडे गेले. मी जागची हलले नाही.

"सात नंबर कुठं येतो?" मुकादमाने विचारलं.

"सात ओढ्याच्या पल्याड," शेषेराव म्हणाले. "आजून कोणते हायत?"

"सात, बारा, तेवीस."

"परत वाच."

"सात, बारा, तेवीस. का बे, ऐकू येत न्हाई का?"

"परत एकदा वाच."

मुकादमाने कागदच त्यांच्या हातात दिला. शेषेरावांनी तो उन्हात धरून वरपासून खालपर्यंत पाहिला, मग मागून पाहिला. मग आमच्याकडे वळून त्यांनी दोन्ही हात वर केले. टेम्पो ओढ्याकडे निघाला. सात नंबर कुणाचा होता ते मला यादीतून पाठ होतं. त्याचं अंतर शेषेरावांनी दोनदा मोजलं होतं, दोन्ही वेळा कमी. तरीही टेम्पो वळेपर्यंत मी त्याच्याकडे पाहत राहिले.

सुभद्राबाई इतका वेळ एकाच फुलाशी थांबल्या होत्या. त्यातला नर कधीच लावून झाला होता. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि टोपलीतली मूठभर फुलं माझ्या हातात दिली.

"आकराच्या आत उरकायचं हाय बाई. ती वळ तुमची. टोपी काढा, नर लावा, लाल कागद खाली टाकू नका, मोजायला लागतेत."

"मला जमेल का?"

"चुकलं तर म्या हाय मागं."

मी चपला बांधावर काढून ओळीत शिरले.